मणक्याला बिलगलेले स्नायू आणि पोटावरचा ढोल

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे पुढचं नीट लागेल. वय २९, नोकरी हिंजवडीला, दिवसाचे आठ-नऊ तास खुर्चीत, जाणं-येणं दुचाकीवर. चार वर्षं ढोल-ताशा पथकात ढोल वाजवता. गेल्या विसर्जनानंतर दोन दिवसांनी बादली उचलताना कंबरेत उजवीकडे उसण भरली. आठवड्यात उतरली, पण त्यानंतर तशीच आणखी तीनदा भरली. एमआरआयच्या अहवालात मणक्यांमधल्या गाद्यांपैकी, म्हणजे चकत्यांपैकी, शेवटच्या दोन किंचित फुगल्याचं आणि 'मल्टिफिडस स्नायूत सौम्य चरबी' असल्याचं लिहिलंय. जिममधला ट्रेनर म्हणतो कोअर, म्हणजे पोट-कंबरेचे आधाराचे स्नायू, कच्चा आहे, घरचे म्हणतात पट्टा बांध आणि ढोल सोड. तुम्हाला जाणून घ्यायचंय की हे स्नायू असतात कुठे, करतात काय, गेलेले परत येतात का आणि यंदा ढोल बांधायचा की नाही.

मी पुण्यात २४ वर्षं फिजिओथेरपी करते, आणि त्यातली बहुतेक वर्षं पाठ-कंबरेच्या रुग्णांमध्येच गेली. तुम्हाला हात लावून तपासलेलं नाही, तेव्हा हे उत्तर तपासणीच्या जागी धरू नका. पाय लुळा पडणं, पाऊल उचलता न येणं, लघवी-शौचावरचा ताबा जाणं, मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा, ताप, कारण नसताना वजन उतरणं, यातलं काहीही असेल तर वाचणं थांबवून आजच डॉक्टर गाठा. यातलं काही नसेल, तर तुम्ही लिहिलंय त्यावरून ढोल सोडण्याचं कारण मला दिसत नाही. मात्र ढोल बांधण्याआधी करायचं काम बरंच आहे.

आरशाकडे पाठ करून उभ्या राहा आणि कंबरेच्या मधोमध उभी पन्हळ दिसते तिथे बोट ठेवा. पन्हळीत लागणारी हाडाची टोकं म्हणजे मणक्यांचे मागचे काटे. दोन्ही बाजूंना जे उभे उंचवटे दिसतात ते इरेक्टर स्पायनी. मटणाच्या चापेत हाडाला लागून मांसाचा जो गोल तुकडा असतो, तो बकऱ्याचा हाच स्नायू. माणसात त्याचे तीन पट्टे असतात. बाहेरून आत येताना इलिओकॉस्टॅलिस, लाँगिसिमस आणि स्पायनॅलिस. हे लांब दोर आहेत. त्रिकास्थी, म्हणजे कण्याच्या तळाचं तिकोनी हाड, आणि कंबरेच्या हाडापासून निघून बरगड्यांपर्यंत आणि वर मानेपर्यंत टप्प्याटप्प्यानं जातात. वाकलेल्या अवस्थेतून सरळ होताना मुख्य जोर यांचा.

त्यांच्याही वर, कातडीखाली लगेच, ट्रॅपिझियस आणि लॅटिसिमस डॉर्साय हे रुंद स्नायू आहेत. जिममध्ये 'बॅक' म्हणून जे मारलं जातं ते बहुतेक यांच्यासाठी. पण खरं पाहता ते खांद्याचे आणि हाताचे स्नायू आहेत, पाठीवर राहायला आलेले भाडेकरू म्हणा. याचा पुरावा नसांमध्ये आहे. कण्यातून निघालेली प्रत्येक नस बाहेर पडताच दोन फांद्यांत फुटते. पुढची फांदी पोट, छाती, हात-पाय सांभाळते. मागची फांदी फक्त पाठीचे खोल स्नायू, मणक्यांमधले मागचे छोटे सांधे आणि त्यावरची कातडी सांभाळते. भाडेकरूंना वीज पुढच्या फांदीतून येते, ट्रॅपिझियसला तर कवटीतून बाहेर येणाऱ्या अकराव्या नसेतून. मागच्या फांदीवर जगतात तेच पाठीचे मूळ मालक.

आता इरेक्टरच्या खाली उतरू. तिथले स्नायू उभे धावत नाहीत, तिरके धावतात. खालच्या मणक्याच्या बाजूच्या उंचवट्यापासून निघतात आणि वरच्या एखाद्या मणक्याच्या काट्याला जाऊन चिकटतात. किती मणके ओलांडले यावरून त्यांची नावं पडली. चार ते सहा ओलांडले तर सेमिस्पायनॅलिस, हा छातीच्या मागे आणि मानेत असतो. दोन ते चार ओलांडले तर मल्टिफिडस, एक किंवा दोन ओलांडले तर रोटेटोर्स. मल्टिफिडस मानेपासून त्रिकास्थीपर्यंत सगळीकडे आहे, पण सगळ्यात जाड कंबरेच्या तळाशी, म्हणजे तुमच्या अहवालात ज्या दोन जागा लिहिल्या आहेत तिथेच. तिथे इरेक्टरचं मांस संपत येतं, त्याची नुसती चिवट चादर वर उरते आणि काट्याशेजारची खोबण मल्टिफिडसनं भरलेली असते.

त्याच्या रचनेत मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे एका मणक्याच्या काट्यापासून निघालेल्या त्याच्या सगळ्या जुड्यांना त्याच पातळीच्या नसेची फांदी मिळते. प्रत्येक मणक्याची स्वतःची टोळी आणि स्वतःची तार. म्हणून सबंध पाठ दणकट असलेल्या माणसाचीही एकाच मणक्यावरची, एकाच बाजूची टोळी थंड पडलेली सापडते.

गणपतीचा मांडव उभारताना पाहिला असेल. लांब दोर सगळा सांगाडा ताणून धरतात, पण बांबूवर बांबू जिथे येतो तिथली काथ्याची गाठ सैल असेल तर दोर कितीही ताणा, मांडव करकरतो. इरेक्टर म्हणजे लांब दोर, मल्टिफिडस म्हणजे गाठी. फरक एवढाच की या गाठी जिवंत आहेत, क्षणाक्षणाला आवळतात आणि सैल होतात.

त्यांची गरज किती आहे याचा अंदाज एका जुन्या प्रयोगातून येतो. मृत शरीरातले कंबरेचे पाच मणके चकत्या आणि अस्थिबंधांसह (हाडाला हाड बांधणाऱ्या चिवट पट्ट्यांसह) घेतले, स्नायू काढून टाकले आणि वरून वजन दिलं. सुमारे ९ किलोलाच तो खांब एका बाजूला कलंडू लागतो. जिवंत माणसाचं धड, डोकं आणि हात मिळून याच्या कितीतरी पट भरतात. म्हणजे कण्याचं उभं राहणं हाडांवर कमी आणि स्नायूंवर जास्त अवलंबून आहे. येल विद्यापीठातले मनोहर पंजाबी यांनी १९९२ मध्ये हेच सूत्ररूपानं मांडलं : स्थैर्याचे तीन भागीदार असतात. हाडं, चकत्या आणि अस्थिबंध हा एक, स्नायू हा दुसरा, आणि त्या दोघांवर नजर ठेवणारी मज्जासंस्था तिसरी. एक कमी पडला तर दुसरे दोघं काही काळ ओढून नेतात. मल्टिफिडस दुसऱ्या भागीदाराचा कणखर गडी आहे. त्याचे तंतू आखूड, पण दाटीवाटीनं भरलेले, त्यामुळे आकाराच्या मानानं ताकद फार. शिवाय आपण पुढे वाकत जातो तशी त्याची ओढ वाढते, म्हणजे जिथे मणका घसरण्याचा धोका असतो तिथेच तो अधिक जोर लावू शकतो.

रोटेटोर्स या नावामुळे पुष्कळांना वाटतं की हे स्नायू कणा फिरवतात. मल्टिफिडसबद्दलही हा समज आहे. फिरवण्याचं काम मुख्यतः पोटाच्या तिरक्या स्नायूंचं. ते धड फिरवताना सोबत पुढेही वाकवतात, ते वाकणं मल्टिफिडस मागून रोखतो, आणि म्हणून फिरणं शुद्ध राहतं. रोटेटोर्स आणि दोन शेजारच्या मणक्यांमधले त्याहून चिमुकले स्नायू तर इतके लहान आहेत, फिरण्याच्या आसाला इतके जवळ आहेत, की त्यांच्या ओढीनं फारसं काही हलणार नाही. पण ताण मोजणारी सूक्ष्म ज्ञानेंद्रियं, मसल स्पिंडल, त्यांच्यात खच्चून भरलेली असतात. हे स्नायू कामगार कमी आणि खबरे जास्त. 'हा मणका आता इतका वाकलाय' ही बातमी ते वर पोचवतात. माझं मत विचाराल तर पाठीच्या खोल स्नायूंबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं ते याच कामाबद्दल, आणि उसण पुन्हा पुन्हा भरणाऱ्या माणसात सगळ्यात जास्त बिघडलेलं असतं तेही हेच.

आता तुमच्या ढोलाकडे येते. १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियात हॉजेस आणि रिचर्डसन यांनी लोकांना उभं करून झटकन हात वर करायला लावला आणि स्नायूंतली वीज मोजली. निरोगी माणसात हात हलण्याच्या आधीच पोटाचा सगळ्यात खोल स्नायू, ट्रान्सव्हर्सस, जागा होत होता. कंबरदुखीचा इतिहास असलेल्यांमध्ये तो उशिरा येत होता. पुढे मल्टिफिडसच्या खोल तंतूंमध्येही तसंच आगाऊ जागं होणं दिसलं, हात कोणत्याही दिशेला जावो. ढोलवादक म्हणजे हाच प्रयोग तासन्तास करणारा माणूस. एका हातात टिपरू, म्हणजे ढोलाची काठी, दुसऱ्या हातानं थाप, प्रत्येक ठोक्याला हात झटक्यात जातो आणि धडाला उलटा हिसका बसतो. त्या हिसक्याच्या आधी आतली टोळी आवळलेली हवी. ती उशिरा आली, तर एका मिरवणुकीत किती हजार वेळा उशीर होईल याचा हिशेब तुम्हीच करा.

त्यात वजन पुढे. ढोल १० किलोचा धरला आणि त्याचा मध्य कण्यापासून ४० सेंटिमीटर पुढे, तर मागचे स्नायू कण्यापासून साधारण ५ सेंटिमीटरवर असल्यामुळे तोल राखायला त्यांना ८० किलोंच्या आसपास ओढ लावावी लागते. पालखी पुण्यातून जाते तेव्हा डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन चालणाऱ्या बायका बघा. वजन कमी नसतं, पण ते थेट कण्याच्या रेषेवर असतं, म्हणून पाठीच्या स्नायूंना जादा ओढ जवळजवळ लावावी लागत नाही. ढोलवादक हा भार चुकवायला मागे झुकतात. मग स्नायू सुटतात खरे, पण कंबरेच्या मागच्या छोट्या सांध्यांवर सगळा दाब येतो. तुमचं दुखणं एकाच बाजूला आहे. तुम्ही टिपरू कोणत्या हातात धरता आणि मागे झुकताना कोणत्या बाजूला कलता, याचा एक व्हिडिओ सहकाऱ्याकडून काढून घ्या. मला तो एमआरआयइतकाच उपयोगी वाटतो.

चरबीचं काय? पहिल्यांदा उसण भरते तेव्हा काय होतं, हे १९९४ मध्ये ज्युली हाइड्स आणि सहकाऱ्यांनी सोनोग्राफीवर दाखवलं. दुखऱ्या बाजूचा, दुखऱ्याच पातळीचा मल्टिफिडस काही दिवसांतच बारीक झालेला होता. इतक्या लवकर स्नायू न वापरल्यानं झिजत नाही, तेव्हा दुखण्यानं त्याची तारच दाबली जाते असं मानायला जागा आहे. १९९६ च्या त्यांच्या पुढच्या अभ्यासात दुखणं थांबलं, लोक कामाला लागले, पण दहा आठवड्यांनंतरही तो स्नायू आपोआप पूर्ववत झाला नव्हता. ज्यांना खास व्यायाम दिले त्यांचा झाला. त्याच ३९ लोकांचा पुढे वर्षभर पाठपुरावा केला तेव्हा व्यायामवाल्यांपैकी ३० टक्क्यांना आणि उरलेल्यांपैकी ८४ टक्क्यांना दुखणं पुन्हा झालं. अभ्यास लहान आहे, पण तुमची गोष्ट त्यात चपखल बसते : उसण उतरली, तुम्ही कामाला लागलात, टोळी मात्र झोपलेलीच राहिली. बरेच दिवस झोपलेल्या स्नायूत चरबी शिरते.

अहवालातल्या शब्दांनी मात्र घाबरू नका. ज्यांची पाठ कधीच दुखली नाही अशा लोकांचे एमआरआय तपासले तर विशीतल्या ३७ टक्क्यांमध्येही चकतीची झीज दिसते. वयानुसार मल्टिफिडसमधली चरबीही वाढतच जाते. सौम्य चरबी म्हणजे स्नायू मेला असं नव्हे. त्याचा आकार आणि ताकद परत येते. आत शिरलेली चरबी निघायला जास्त चिवट असते, पण ती न निघताही माणसं बरी होतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

इथे एक कबुली द्यायला हवी. या संशोधनानं भारावून सुरुवातीची काही वर्षं मी प्रत्येकाला एकच शिकवत होते : पोट आत घ्या, बेंबी कण्याला लावा, दिवसभर धरून ठेवा. काहींना गुण आला. काही जण मात्र खाली पडलेलं पेन उचलतानाही श्वास रोखून, लाकडासारखे ताठ होऊन वाकू लागले आणि त्यांचं दुखणं वाढलं. त्याचं मला अजून वाईट वाटतं. पुढे मोठे तुलनात्मक अभ्यास झाले, अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेचा २०१६ चा आढावा आला. जुनाट कंबरदुखीत हे खोल स्नायूंचे खास व्यायाम इतर नियमित व्यायामांपेक्षा फार सरस ठरत नाहीत, असं त्यात दिसलं. म्हणून आज मी या स्नायूंचा विचार वेगळा करते. त्यांना आवळून ठेवायचं नाही. त्यांना वेळेवर येण्याची सवय लावायची, मग हळूहळू ओझं द्यायचं, आणि मग विसरून जायचं.

सुरुवात ओळखीपासून करा. पालथ्या झोपा, घरातल्या कुणाला तरी शेवटच्या दोन काट्यांच्या लगत दोन्ही अंगठे हलकेच रोवायला सांगा. आता डावा हात डोक्याच्या पुढे ताणून चार-पाच सेंटिमीटर उचला. उजव्या अंगठ्याखाली मांस मऊपणे फुगायला हवं. मग उजवा हात उचलून डावीकडचं बघा. तुमच्या बाबतीत उजवी बाजू उशिरा किंवा कमी फुगेल असा माझा अंदाज आहे. ती बाजू फुगवण्याचा प्रयत्न श्वास चालू ठेवून, अगदी थोड्या जोरानं, दिवसातून दोनदा पाच-पाच मिनिटं करा. हा व्यायाम घाम गाळायचा नाही, लक्ष देण्याचा आहे. एक-दोन आठवड्यांत दोन्हीकडचा फरक कमी होऊ लागेल.

त्यानंतर रांगण्याच्या अवस्थेत उजवा हात आणि डावा पाय जमिनीला समांतर ताणा, कंबर थाळीसारखी सपाट ठेवा, आठ-दहा सेकंद धरा, खाली आणा, बाजू बदला. सोबत कोपरावर एका कुशीला अंग उचलून धरणं. हे दोन्ही कॅनडातले कण्याच्या यांत्रिकीचे अभ्यासक स्टुअर्ट मॅगिल यांनी रूढ केलेल्या संचातले आहेत. तीस-चाळीस सेकंद कुथत राहण्यापेक्षा दहा सेकंदांचे जास्त फेरे बरे, कारण या स्नायूंना मध्ये मध्ये सैल होऊन रक्त मिळायला हवं. ट्रेनरनं तुम्हाला पालथं झोपून हात-पाय दोन्ही एकदम उचलायला लावलं असेल, तर ते सध्या थांबवा. त्यात तुमच्या दुखऱ्या सांध्यांवर नेमका नको तो दाब येतो.

पण ट्रेनरचं सगळंच चुकीचं नाही. आकार वाढवायचा तर ओझं लागतंच. २००१ मध्ये बेल्जियममधल्या एका अभ्यासात दहा आठवड्यांत मल्टिफिडसचा आकार फक्त एकाच गटाचा वाढला : ज्यांनी वजनासह व्यायाम केला आणि प्रत्येक वेळी वर पोचल्यावर पाच सेकंद थांबले, त्यांचा. नुसत्या हलक्या व्यायामांनी वाढला नाही, न थांबता केलेल्या वजनांनीही नाही. म्हणून चौथ्या आठवड्यापासून जिममध्ये नितंबांतून वाकून वजन उचलायला शिका, हलक्या वजनानं, आणि वर पाच सेकंद थांबा. तीन-चार महिने लागतील. तेवढा धीर धरा.

पट्ट्याबद्दल घरच्यांना सांगा की उसण ताजी असताना दोन-चार दिवस, प्रवासात, तो चालेल. तो मणक्यांना उब आणि धीर देतो. मल्टिफिडसच्या जागी कामाला मात्र येत नाही.

दोन गोष्टी वेळेच्या आहेत आणि त्या फार थोडे लोक सांगतात. रात्रभर झोपून उठल्यावर चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, म्हणून पहिल्या तासाभरात पूर्ण पुढे वाकणं त्यांना जास्त जाचतं. पहाटे उठल्याबरोबर सूर्यनमस्कार घालत असाल तर आधी घरातली कामं उरका, थोडं चाला, मग घाला. दुसरी गोष्ट खुर्चीची. पोक काढून पूर्ण वाकलेल्या अवस्थेत पाठीचे स्नायू जवळजवळ बंद होतात आणि भार अस्थिबंधांवर लटकतो. हे १९५० च्या दशकापासून माहीत आहे. तासन्तास तसं बसलं की अस्थिबंध ताणून सैल होतात, त्यांच्याकडून येणारी खबर मंदावते आणि उठल्यावरही काही काळ स्नायू उशिरा उत्तर देतात. आता तुमचा दिवसक्रम बघा : आठ तास खुर्ची, मग हिंजवडीहून तासभर दुचाकी, वाटेत खड्डे आणि गतिरोधक, आणि सरावाला नदीपात्रात पोचल्या पोचल्या ढोल कमरेला. खबरे झोपेत असताना तुम्ही त्यांच्यावर सगळ्यात मोठी जबाबदारी टाकता. गाडी लावल्यावर दहा मिनिटं भरभर चाला, हात झुलवत. रांगण्याचा व्यायाम तिथेच सतरंजीवर चार-चार वेळा करा. पथकातल्या नव्या मुलामुलींनाही करायला लावा.

ढोल बांधताना तो पोटाला जितका जवळ आणता येईल तितका आणा. पाच सेंटिमीटर जवळ आला तर वरच्या हिशेबानं पाठीवरची ओढ दहा किलोंनी कमी होते. गुडघे किंचित सैल ठेवा, मागे झुकू नका, जागेवर उभं राहण्याऐवजी पावलं टाकत वाजवा.

आणि बांधायचा कधी? पालथ्या अवस्थेत दोन्ही बाजू सारख्या फुगू लागल्या, आणि रांगण्याच्या अवस्थेत दहा सेकंद दोन्हीकडून कंबर न कलता धरता आली, की बांधा. पहिल्या दिवशी १५ मिनिटं, मग ढोल उतरवून ध्वज घ्या किंवा टाळ घ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी उठताना कंबर नेहमीसारखीच असेल, तर तिसऱ्या दिवशी २०. जास्त धरली असेल तर पुन्हा १५. विसर्जनाची मिरवणूक चोवीस तासांच्या पुढे जाते हे मला माहीत आहे. यंदा त्यातला अर्ध्या-अर्ध्या तासाचा वाटा घ्या, मधल्या वेळात बसू नका, चालत राहा, आणि पथकप्रमुखांना हे आत्ताच सांगून ठेवा, ऐन लक्ष्मी रस्त्यावर नको.